कॉम्प्युटर आणि स्टिरिओची सोयरीक

दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला की घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘हे सगळं भंगारात द्या.’ दुसरा म्हणतो, ‘असू दे गं, कधीतरी लागेल.’ आमच्या मुलुंडच्या घरात हा सामना दर वर्षी होतो आणि भंगाराच्या यादीत दर वर्षी पहिलं नाव असतं ते मामंजींच्या स्टिरिओचं. एक ॲम्प्लिफायर, शेजारी कॅसेट डेक आणि दोन लाकडी स्पीकर. प्रत्येक स्पीकर तांदळाच्या डब्याएवढा. मामंजींनी तो १९८६ साली बोनसमधून घेतला होता. डेक गेली कित्येक वर्षं बंद. स्पीकरवर पडदा टाकून आम्ही त्यांचं स्टूल केलेलं.

यंदा मी भंगारवाल्याला हाक मारणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “ती कॅसेट मात्र मग कशावर ऐकायची गं?”

ती कॅसेट म्हणजे त्यांच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेली एक साठ मिनिटांची कॅसेट. वर मामंजींच्या अक्षरात ‘आई – ओव्या – १९८८’. राजापूरच्या घरी आजेसासूबाईंनी जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या मामंजींनी टेपरेकॉर्डरवर भरून घेतल्या होत्या. आज आजेसासूबाई नाहीत, मामंजीही नाहीत. प्रत ही एवढी एकच. ‘कुठंतरी नेऊन करून आणू या,’ असं आम्ही दर वर्षी म्हणत होतो आणि सासूबाई दर वर्षी म्हणत होत्या, “नको. बिघडली तर?” त्यांचं काय चुकलं? एकुलती एक वस्तू परक्या हातात द्यायला जीव होत नाही.

त्याच आठवड्यात बोरिवलीच्या एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, ‘घरात चांगला स्टिरिओ धूळ खात पडलाय आणि सगळी गाणी मुलाच्या कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरचे स्पीकर अगदीच चिरके. दोघांची जोडणी घरच्या घरी करता येईल का?’

येईल. आणि हे काम पुरुषमंडळींसाठी अडवून ठेवण्याचंही कारण नाही. माझं शिक्षण बी. ए. पर्यंतचं. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला सुटला. तरी मी हे केलं, वाटेत दोन-तीनदा चुकले आणि आता तुम्हांला सांगते आहे. मिक्सरचं भांडं बसवता येतं आणि कुकरची रिंग बदलता येते तिला हे जमतंच.

आधी पत्रिका बघा

सोयरीक म्हटली की आधी पत्रिका. इथे पत्रिका म्हणजे दोन्ही यंत्रांची पाठ. स्टिरिओ फिरवून ठेवा, धूळ कोरड्या फडक्याने पुसा आणि गोल भोकांशेजारी काय लिहिलंय ते वाचा.

बहुतेक स्टिरिओंच्या मागे दोन-दोनच्या जोडीने गोल सॉकेट असतात. त्यांना दुकानात ‘आरसीए’ म्हणतात. लाल म्हणजे उजवा कान, पांढरा म्हणजे डावा. टीव्हीच्या जुन्या केबलला तिसरी पिवळी पिन असते. ती चित्रासाठी. इथे तिचं काम नाही. जोडीच्या वर ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप इन’ असं इंग्रजीत असेल तर ते आत जाण्याचे दरवाजे. ‘टेप आउट’, ‘रेक आउट’ किंवा ‘लाइन आउट’ असेल तर ते बाहेर येण्याचे.

एका जोडीवर ‘फोनो’ लिहिलेलं असू शकतं. तिथे मात्र कॉम्प्युटर जोडू नका. तो दरवाजा रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसाठी असतो. सुईकडून येणारा आवाज इतका बारीक असतो, की ॲम्प्लिफायर त्याला तिथे कितीतरी पटींनी मोठा करतो. कॉम्प्युटरचा आवाज आधीच दणकट. तो तिथे घातला की नुसता फाटका, घोगरा गोंगाट ऐकू येतो.

काही जुन्या सेटना, विशेषतः युरोपी घडणीच्या, पाच टाचण्यांचं एकच गोल सॉकेट असतं. त्याला ‘डिन’ म्हणतात. घाबरू नका, डिनवरून आरसीएवर येणारी केबल मिळते.

आता कॉम्प्युटरची पाठ. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरला मागे रंगीत भोकं असतात. हिरवं म्हणजे आवाज बाहेर, फिकट निळं म्हणजे आवाज आत, गुलाबी म्हणजे माइक. लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं, हेडफोनचं. काही नव्या लॅपटॉपना तेही नसतं. मग यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड आणावं लागतं.

हे सगळं एका कागदावर लिहून घ्या, मोबाइलवर फोटोही काढा आणि मगच बाजारात जा. ब्लाउजपीस जुळवायला साडी बरोबर नेतो ना, तसंच.

पहिली वाट : कॉम्प्युटरचं गाणं स्टिरिओवर

ही वाट सोपी. लागते ती एकच केबल. एका टोकाला हेडफोनसारखी साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन आरसीए पिना. जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती मिळते. नाहीच मिळाली तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. आपल्या मध्य रेल्वेवाल्यांना दादरला गाडी बदलावी लागते. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. केबल मापाची घ्या, उगाच दहा मीटरची नको. दोन-तीन मीटर पुरते. लांब केबल घरभर लोळते, झाडताना अडकते आणि वाटेतली खरखरही गोळा करते.

जोडायची रीत अशी :

आधी स्टिरिओ बंद करा आणि आवाजाचं बटण शून्यावर आणा. साडेतीनची पिन कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात किंवा लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागी, आणि लाल-पांढऱ्या पिना ‘ऑक्स’मध्ये लावा. पिन ‘टक्’ होईपर्यंत आत गेली पाहिजे. अर्धवट राहिली तर एकाच बाजूने आवाज येतो. मग कॉम्प्युटर सुरू करा, त्याच्यावरचा आवाज तीन-चतुर्थांशाच्या थोडा वर ठेवा. शेवटी स्टिरिओ सुरू करून पुढचं बटण ‘ऑक्स’वर फिरवा आणि आवाज हळूहळू वाढवा. बंद करताना उलटा क्रम : स्टिरिओ आधी, कॉम्प्युटर नंतर. नाहीतर स्पीकरमधून ‘धप्प’ असा दणका येतो आणि तो स्पीकरला बरा नव्हे.

रोजचा आवाज कमी-जास्त करायचा तो स्टिरिओच्या बटणाने. कॉम्प्युटरचा अगदी बारीक ठेवून स्टिरिओचा मोठा केला, तर गाण्याबरोबर खरखरही मोठी होते.

आणखी एक. कॉम्प्युटरचे ‘टिंग-टाँग’ आवाज आधी बंद करा. आमच्याकडे पहिल्या दिवशी गाणं रंगात आलं असताना कुणाचा तरी निरोप आल्याचा टणत्कार त्या डब्याएवढ्या स्पीकरमधून असा निघाला, की शेजारच्या काकूंनी दार उघडलं.

ज्यांना तार नकोच असेल, त्यांच्यासाठी ब्लूटूथ रिसीव्हर नावाची काडेपेटीएवढी वस्तू मिळते. ती ‘ऑक्स’ला लावायची, मोबाइलच्या चार्जरवर चालवायची. मग त्याच खोलीतून मोबाइल किंवा लॅपटॉप, दोन्हींवरचं गाणं स्टिरिओवर वाजतं. गाण्यांना हे उत्तम. सिनेमा बघताना मात्र कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, कारण बिनतारी आवाजाला पोचायला किंचित उशीर होतो.

घरघर लागली तर

जोडणी झाली, गाणं लागलं आणि मागे एकसारखी ‘हूंऽऽ’ अशी घरघर. हा अनुभव पुष्कळांना येतो आणि ‘जुना सेटच गेला’ असं म्हणून लोक नाद सोडतात. सेट गेलेला नसतो.

होतं काय, की आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. कॉम्प्युटरची प्लग एका भिंतीला, स्टिरिओची दुसऱ्या भिंतीला. दोन्हींची अर्थिंगची वाट वेगळी. वर आपण त्यांना केबलने जोडलं, की एक गोल वर्तुळ तयार होतं आणि विजेची ती गुणगुण त्या वर्तुळातून फिरत स्पीकरमध्ये येते.

उपाय क्रमाने करा. पहिला, दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. दुसरा, लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घरघर थांबली तर रोग सापडला. तिसरा, त्याच स्टिरिओला टीव्हीची किंवा सेट टॉप बॉक्सची तार जोडलेली असेल तर ती काढून बघा. एवढ्याने भागलं नाही तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची एक डबी मिळते, ती केबलच्या मध्ये लावायची. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. ते गाणं पुढे पाठवतात आणि ते वर्तुळ तोडतात.

पण एक गोष्ट कुणी कितीही सांगितली तरी करू नका. प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकू नका. ‘ती पिन काढा, आवाज जाईल’ असं सांगणारे महाभाग भेटतात. आवाज जातो हे खरं. पण उद्या यंत्रात बिघाड झाला, तर विजेला पळायला वाट राहत नाही, आणि ती वाट मग हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. पावसाळ्यात, ओल्या लादीवर अनवाणी पायांनी वावरणाऱ्या आपल्या घरांत तर मुळीच नाही.

उलटी वाट : कॅसेट कॉम्प्युटरमध्ये

आता आमच्या घरच्या खऱ्या कामाकडे वळते. गाणं डाउन गाडीने स्टिरिओवर आलं, तसं कॅसेटचं गाणं अप गाडीने कॉम्प्युटरमध्येही जातं. मात्र ह्या वाटेवर घाई नको.

कॅसेट १९६३ साली फिलिप्सने काढली. तिच्यातली फीत चार मिलिमीटरही रुंद नसते आणि हेडसमोरून सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर ह्या वेगाने सरकते. एवढ्याशा पट्टीवर लोहकणांच्या लेपात तो आवाज बसलेला. मुंबईच्या दमट हवेत त्या लेपावर बुरशी धरते, आतली स्पंजची किंवा लोकरीची गादी निसटते. म्हणून आधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून बघा. फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती वाजवू नका, जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. बुरशी हेडवर चिकटते आणि मग पुढच्या साऱ्या कॅसेटना लागते.

कॅसेटच्या पाठीच्या कडेला दोन इवल्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या पेन्सिलीने मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं तरी आतलं पुसलं जात नाही. शालूतली कॅसेट मी प्रथम हातात घेतली तेव्हा हे एवढंच केलं आणि परत ठेवली.

कारण सासूबाईंना मी शब्द दिला होता, की दुसऱ्या दोन कॅसेट नीट उतरल्याशिवाय ह्या कॅसेटला डेकमध्ये घालणार नाही. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पुरणपोळ्या लाटायला बसवत नाहीत, आधी घडीच्या पोळीवर हात बसू देतात.

आणि तसंच केलं म्हणून वाचले. आमचा डेक सुरू केला तर दिवा लागला. हिने-तिने टाकून दिलेली एक सिनेगीतांची कॅसेट घातली. अर्धं गाणं झालं आणि आवाज रडत रडत जाड झाला, मग खर्र करून थांबला. झाकण उघडलं तर फीत रबरी चाकाला शेवयांसारखी गुंडाळलेली. माझ्या पोटात गोळाच आला. सासूबाई मागेच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि कपाटाला कुलूप घातल्याचा आवाज आला.

दोष होता आतल्या रबरी पट्ट्याचा. वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिलेले पट्टे सैल होतात, कधी कधी डांबरासारखे वितळतात. पट्टा सैल झाला की फीत गुंडाळणारं चाक मागे पडतं आणि आलेली फीत वाट फुटेल तिकडे जाते. जुने रेडिओ-टेप दुरुस्त करणारे गृहस्थ शोधून पट्टे आणि रबरी चाक बदलून घेतलं. आवाज ‘जाड’ येतोय की नाही ते ओळखीच्या गाण्यावर पाहायचं. मूळ गाण्यापेक्षा स्वर खाली गेला तर वेग कमी आहे असं समजा.

हेड साफ करणं घरी जमतं. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कापूस गुंडाळलेली काडी त्यात बुडवून धातूचं चकचकीत हेड पुसा. तपकिरी मळ निघतो. काडी मळेनाशी होईपर्यंत पुसा, मग दहा मिनिटं वाळू द्या. रॉकेल, नेलपॉलिशचं पाणी असलं काही वापरू नका. डेकजवळ लोहचुंबक, म्हणजेच स्पीकरही, अगदी खेटून ठेवू नका.

तारेतली माझी चूक

डेकच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या ‘लाइन आउट’ अथवा ‘टेप आउट’मधून केबल काढायची आणि कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात लावायची. घरात स्टिरिओ नसून टू-इन-वन असेल तर त्याच्या हेडफोनच्या भोकातून काढायची, आवाज मात्र पावपट ठेवायचा. स्पीकरला जाणाऱ्या तारा कॉम्प्युटरला कधीही जोडू नका. त्यांतून जोरदार वीज जाते, कॉम्प्युटरचं भोक जळून जाईल.

आमचा लॅपटॉप. त्याचं एकच भोक ऐकण्याचं, किंवा फार तर माइकचं. म्हणून मी एका दुकानातून यूएसबीला लावायचं स्वस्त साउंड कार्ड आणलं. दुकानदार म्हणाला, “सगळं चालतं ताई.” घरी येऊन भरून पाहिलं तर गाणं फाटलेलं आणि दोन्ही कानांत एकच. मग कळलं, त्या कार्डाला ‘लाइन इन’ नव्हतंच, फक्त माइकचं भोक होतं. माइकचं भोक हळू बोलणं मोठं करून घेण्यासाठी असतं. तिथे डेकचा आवाज घालणं म्हणजे कुजबुज ऐकण्यासाठी लावलेल्या कानात ताशा वाजवणं. तेव्हा मैत्रिणींनो, विकत घेताना विचारायचं ते हेच : ‘स्टिरिओ लाइन इन आहे का?’ खोक्यावर तसं छापलेलं असेल तरच पैसे मोजा. अशा कार्डाला थोडे जास्त पडतात, पण दोनदा घेण्यापेक्षा ते बरं.

भरून घेताना

कॉम्प्युटरवर ‘ऑडॅसिटी’ नावाचा प्रोग्राम घ्या. २००० सालापासून तो फुकट मिळतो. त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. त्यात आवाज कुठून घ्यायचा तिथे ‘लाइन इन’ किंवा यूएसबी कार्ड निवडा, ‘स्टिरिओ’ ठेवा आणि वेगाच्या जागी ४४,१०० असू द्या. सीडीवरचा आवाजही सेकंदाला इतक्याच वेळा मोजलेला असतो.

कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेले वेढे मोकळे होतात. मग तिच्यातला सर्वांत मोठा आवाज कुठे आहे तो वाजवून बघा. पडद्यावरची पट्टी उजवीकडे धावते, शेवटी शून्य असतं. मोठ्यात मोठा आवाज उणे सहाच्या आसपास राहील असं बघा. शून्याला टेकला की वरचा भाग कापला जातो आणि तो नंतर कशानेही परत येत नाही. दूध तापवताना आपण पातेलं काठोकाठ भरत नाही, तेच इथे.

मग लाल बटण दाबा, डेक सुरू करा आणि उठून जा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटं चालते. मध्ये मिक्सर नको, फ्रिज त्याच बोर्डावर नको. लॅपटॉप झोपी जाऊ नये अशी आधीच सोय करा.

झाल्यावर जशीच्या तशी एक प्रत ‘वेव्ह’ प्रकारात ठेवा. ती मोठी होते : मिनिटाला सुमारे दहा एमबी, म्हणजे तासाच्या कॅसेटला सहाशेच्या वर. पै-पाहुण्यांना पाठवायला ‘एमपी-थ्री’ करा, ती मिनिटाला साधारण एक एमबीत बसते. खरखर काढण्याची सोयही ऑडॅसिटीत आहे. ती प्रतीवर वापरा, मूळ भरलेल्यावर नको, आणि हात राखून. फार घासलं की भांड्याची कल्हईच निघते. जात्याची घरघर काढू गेलं तर म्हणणारीचा श्वासही निघून जातो.

जपायचं कुठे

२६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ला-कालिन्याच्या तळमजल्यांवरच्या किती घरांत कपाटापर्यंत पाणी चढलं. फ्रिज-टीव्ही पुन्हा घेता आले. पण लग्नाचे अल्बम, पत्रं, कॅसेट? म्हणून प्रती तीन करा. एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, आणि तिसरी घराबाहेर, बहिणीकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. नाव देताना ‘ऑडिओ १’ असं देऊ नका. कोण, कुठे, कोणत्या साली आणि काय, एवढं नावातच लिहा. वर्षातून एकदा, माळा आवराल तेव्हा, सगळ्या प्रती उघडतात की नाही ते बघा. आणि मूळ कॅसेट टाकू नका.

घरातल्या ओव्यांना कोण विचारतो, असं कुणी म्हणेल. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं हेच विचारण्यात घालवली. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल ह्यांच्या साथीने बऱ्याच ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्या कुणालाही ऐकता येतात. ज्या बायकांची नावं कुठल्या कागदावर लागली नव्हती, त्यांची नावं आणि गावं तिथे ओवीबरोबर लिहिली आहेत.

आणि आमची कॅसेट

दोन कॅसेट निर्वेध उतरल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी आपणहून कुलूप काढलं आणि कॅसेट माझ्या हातात दिली. “घाल,” म्हणाल्या आणि डेकसमोर खुर्ची ओढून बसल्या. त्या तीस मिनिटांत त्यांनी एकदाही नजर काढली नाही. फीत फिरते आहे की नाही तेच बघत होत्या. मी आवाज बंद ठेवला होता. आधी सुखरूप उतरू दे, मग ऐकू.

उतरली. दुसरी बाजूही उतरली. तिच्यावर निम्म्यापर्यंतच होतं. तीन प्रती झाल्या. मग संध्याकाळी दिवा लावल्यावर लॅपटॉप ‘ऑक्स’ला जोडला आणि त्या दोन लाकडी स्पीकरवरचा पडदा काढला.

आधी नुसती खरखर. मग कोंबडं आरवलं. मग एक तरुण, घाईतला पुरुषी आवाज : “आई, म्हण आता. लागलंय.” आम्ही आजींची वाट बघत होतो. मामंजींचा आवाज तीत आहे हे सासूबाईंखेरीज कुणाच्याच लक्षात नव्हतं. त्या मात्र एवढी वर्षं कॅसेट शालूत घालून ठेवीत आल्या होत्या, ती ह्या चार शब्दांसाठीही असावी. पाठोपाठ जात्याची घरघर सुरू झाली, आजींचा खणखणीत सूर लागला, आणि मध्येच एक पोर रडायला लागलं. “हा तूच,” सासूबाई ह्यांना म्हणाल्या. “जात्यात हात घालायला निघाला होतास.”

मोबाइलवरही ऐकवलं त्यांना. म्हणाल्या, “ह्याच्यात डब्यातून बोलल्यासारखं वाटतं. त्याच्यावरच लाव.”

तर यंदाही स्टिरिओ भंगारात गेला नाही. आता तो माळ्यावरही जाणार नाही, दिवाणखान्यातच राहील. फक्त बसायला नवं स्टूल घ्यावं लागणार आहे.

तुमच्या घरातही शालूच्या घडीत, लोणच्याच्या बरण्यांमागे नाहीतर बॅगेच्या तळाशी अशी एखादी कॅसेट असेल. ह्या दिवाळीत ती बाहेर काढा. आधी खिडकीतून बुरशी बघा, दोन चकत्या मोडा आणि दुसऱ्या कॅसेटवर हात बसवा. पुढचं सगळं जमतं. अडलात कुठे तर जरूर लिहा. पत्राबरोबर यंत्राच्या पाठीचा फोटो मात्र पाठवायला विसरू नका, म्हणजे पत्रिका मला नीट बघता येईल.